अहवालानंतरचं वर्ष मोजा

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



मे महिन्यातली दुपार होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या एसीच्या जाळीला जुन्या फायलीचा पुठ्ठा सुतळीनं बांधलेला होता, गार वारा अंगावर येऊ नये म्हणून. त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या खिडकीशी, एक लिपिक घामानं निथळत होते. त्यांनी स्वतःच्या पैशानं आणलेला टेबलफॅन टेबलाखाली घरघरत होता. एकच हॉल, एकच यंत्र, एकच बिल.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. इमारत वीज कुठे खाते आणि तिला खरी गरज किती, हे मोजण्याचं माझं काम. त्या हॉलमध्ये मला फार शोधावं लागलं नाही. खोलीचं तापमान पाहून यंत्राला कळवणारा सेन्सर भिंतीवर होता आणि त्या भिंतीला लागूनच कधीतरी झेरॉक्स मशीन आणून ठेवलं गेलं होतं. मशीन चालू झालं की त्याच्या मागचा गरम वारा थेट सेन्सरवर जायचा. त्याला वाटायचं सगळा हॉल तापलाय, की लागलं यंत्र पूर्ण जोरानं गार वारा ओतायला. त्यातला बहुतेक वारा डक्टच्या जवळ बसणाऱ्या बाईंच्या डोक्यावर पडायचा, खिडकीपर्यंत पोचायचाच नाही.

उपाय काय, तर सेन्सर उचलून चार फुटांवरच्या खांबावर लावायचा. ड्रिलनं दोन भोकं, थोडी वायर, अर्ध्या तासाचं काम. मी तसं टिपून घेतलं. जुनी बिलं हवी होती म्हणून अधीक्षकांनी कपाट उघडलं, तर बिलांच्या गठ्ठ्याखाली आणखी दोन अहवाल निघाले. एक सहा वर्षांपूर्वीचा, एक तीन वर्षांपूर्वीचा. दोन्ही माझ्याच व्यवसायातल्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले, नीट बांधलेले, सहीशिक्क्याचे. दोन्हींत ही शिफारस होती. पहिल्यात अकराव्या क्रमांकावर, दुसऱ्यात चौदाव्या. माझ्या अहवालात ती नवव्या क्रमांकावर गेली. दीड वर्षांनी मी त्याच इमारतीत दुसऱ्या कामासाठी गेले, तेव्हा जाळीचा पुठ्ठा नवा होता. सेन्सर होता तिथेच होता.

महोदय, हे पत्र त्या सेन्सरसाठी आहे. व्यापारी आणि सरकारी इमारतींची ऊर्जा तपासणी वाढावी असं सगळेच म्हणतात, मीही म्हणते, माझं पोट त्यावर आहे. पण नुसत्या तपासण्या वाढवून काही होणार नाही, हे मी इतकी वर्षं प्लँट रूममध्ये वावरून सांगते आहे. आपल्या विभागानं अहवाल किती झाले हे मोजणं थांबवावं आणि अहवालानंतरच्या वर्षात इमारतीनं किती युनिट घेतले ते मोजावं, एवढीच माझी मागणी आहे.

कायद्याची उणीव नाही. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा, तो 2002 पासून लागू आहे आणि त्याच वर्षी केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झाला. व्यापारी इमारतींसाठीची संहिता 2007 साली आली, 2017 साली सुधारली गेली. आधी 500 किलोवॅट जोडभाराच्या मोठ्या इमारतीच कायद्याच्या कक्षेत यायच्या. 2010 च्या दुरुस्तीनं ती मर्यादा 100 किलोवॅटवर आणली. 2022 च्या दुरुस्तीनं मोठ्या निवासी इमारतींनाही कक्षेत घेतलं. राज्यात हे काम पाहायला पुण्यात महाऊर्जा आहे. परीक्षा देऊन प्रमाणित झालेले लेखापरीक्षक आहेत. हे सगळं असूनही शिफारस क्रमांक अकरा, चौदा, नऊ असा प्रवास करत राहते.

तपासणी म्हणजे नेमकं काय, हे थोडं जवळून सांगते, कारण मंत्रालयाच्या फायलीत तिचे फक्त तक्ते पोचत असतील.

लोकांना वाटतं आम्ही येतो, दिवे मोजतो, एलईडी लावा म्हणतो आणि जातो. दिवे मोजावे लागतातच. पण मी कुठल्याही इमारतीत पहिल्यांदा मागते ते दर पंधरा मिनिटांची वीज नोंद, जी मोठ्या ग्राहकांच्या मीटरमध्ये असतेच. तिचा आलेख काढला की इमारत आपली कुंडली स्वतःच मांडते. सकाळी नऊला चढ, दुपारी जेवणाच्या वेळी जराशी खोच, संध्याकाळी सहानंतर उतार. माझी नजर जाते ती उताराच्या तळाशी. सगळे घरी गेल्यावर, रात्री दोन वाजता, ती रेघ कुठे टेकते?

पुण्यातल्या अशाच एका काचेच्या, खासगी कार्यालयाच्या इमारतीत ती रेघ 60 किलोवॅटच्या खाली उतरतच नव्हती. सर्व्हर, सुरक्षा दिवे, कॅमेरे, पाण्याचा एखादा पंप धरला तरी 20 च्या वर जायला नको होती. म्हणून एका शनिवारी रात्री क्लॅम्प मीटर आणि टॉर्च घेऊन गेले. रात्रपाळीचे ऑपरेटर काका बरोबर होते. आम्ही मजल्यामजल्यानं फिरलो. पाचव्या मजल्यावर कुणीही नसताना एएचयूचा, म्हणजे मजल्यावर गार हवा सोडणाऱ्या यंत्राचा, पंखा पूर्ण वेगात चालू होता. बेसमेंटमध्ये गाड्या नव्हत्या, पण धूर काढायचे पंखे गरगरत होते. शौचालयांचे एक्झॉस्ट, लॉबीतले शोभेचे दिवे, पँट्रीतले पाणी गरम-गार करणारे डिस्पेन्सर. काका प्रत्येक पॅनेल उघडून दाखवत होते आणि प्रत्येक ठिकाणी हाताचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवलेला होता. मी विचारलं, काका, हे कुणी केलं? ते म्हणाले, “मॅडम, दोन वर्षांपूर्वी टायमर बिघडला. सकाळी पंखे लागले नाहीत, सगळ्या मजल्यांवरून फोन आले, मला मेमो मिळाला. तेव्हापासून मी मॅन्युअलवरच ठेवतो. चालू राहिलं तर कुणी ओरडत नाही.”

हे वाक्य मी वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. चालू राहिलं तर कुणी ओरडत नाही. विजेची नासाडी बेपर्वाईतून होते असं आपण समजतो. काका बेपर्वा नव्हते. बंद राहिल्याची शिक्षा त्यांना ठाऊक होती आणि चालू राहिल्याची कुणालाच नव्हती.

आता हिशोब पाहा. अकारण चालणारे 40 किलोवॅट, रोज रात्रीचे दहा तास, वर्षाचे 365 दिवस. 1,46,000 युनिट. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या 120 घरांना ही वीज वर्षभर पुरते. आणि ती रात्रीची वीज आहे. रात्री सूर्य नसतो, तेव्हाच्या युनिटामागे आपल्या राज्यात मुख्यतः कोळसाच असतो. एका युनिटाला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला तर या एका इमारतीच्या रिकाम्या रात्रींसाठी वर्षाला शंभर टनांच्या आसपास कोळसा जळत होता. तो धूर पुण्याच्या त्या काचेच्या इमारतीवर येत नाही. तो चंद्रपूरच्या आकाशात जातो, जिथे 2,920 मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आहे आणि ज्याच्या अवतीभोवती माणसं राहतात. अशा केंद्रांना पाणीही लागतं. 2013 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको.

रात्री दोनच्या त्या फेरीत मला आणखी एक गोष्ट आठवत होती. माझं माहेर शेतकऱ्याचं. रात्रपाळीची लाइन असली की वडील आणि भाऊ बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीनं काठी आपटत, दारं धरायला जायचे. शहरातला पंखा बंद केला म्हणून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल असं मी म्हणणार नाही, व्यवस्था इतकी सरळ नसते आणि त्यासाठी सौर कृषी वाहिनीचं काम वेगळं चालू आहे. पण एकीकडे माणूस विजेची वाट बघत रात्र जागतो आणि दुसरीकडे विजेला माणसाची गरजच उरलेली नाही, हे एकाच राज्यातलं चित्र मला सहन होत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं अजिबात नाही. 2017 साली सार्वजनिक बांधकाम विभागानं ईईएसएल या केंद्राच्या कंपनीबरोबर करार करून सरकारी इमारतींमधले जुने दिवे, पंखे, एसी बदलायचं काम हाती घेतलं. 1 जानेवारी 2020 पासून तारांकित खोली-एसी कारखान्यातूनच 24 अंशांवर लावून येऊ लागले आणि एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे ब्यूरोचं सांगणं आता सामान्य माणसालाही पाठ झालं आहे. हे चांगलं काम आहे. पण ते वस्तू बदलण्याचं काम आहे. वस्तू बदलली की फोटो निघतो, बिल लागतं, लेखाशीर्ष सापडतं. वस्तू नीट चालवण्याचं काम दिसत नाही, म्हणून ते कुणाचंच राहत नाही.

एक उदाहरण देते, मग पुढे जाते. मोठ्या इमारतीत गार पाणी फिरवणारे पंप असतात. डिझाइन करताना प्रत्येकानं थोडी थोडी जास्त क्षमता धरलेली असते, त्यामुळे पंप गरजेपेक्षा मोठा निघतो. पाणी जास्त येतं म्हणून कुणीतरी व्हॉल्व्ह अर्धा आवळतो. झालं. पुढची वीस वर्षं पंप पूर्ण ताकदीनं त्या आवळलेल्या व्हॉल्व्हशी झुंजत राहतो. तोच व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंपाचा वेग व्हीएफडीनं, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणानं, 80 टक्क्यांवर आणला, तर वीज 80 टक्के लागत नाही, जवळजवळ निम्मीच लागते, कारण पंपाची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे पदविकेच्या पुस्तकात असतं. तरी मी बहुतेक प्लँट रूममध्ये व्हॉल्व्ह अर्धे आवळलेलेच पाहिलेत. काही ठिकाणी तर व्हीएफडी बसवलेला असतो, त्याचे पैसे दिलेले असतात, आणि तो वर्षानुवर्षं 50 हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, अडकवून ठेवलेला असतो. बसवला की शिफारस ‘पूर्ण’ झाली, अशी टीप पडते. तसंच पाणी गार करणाऱ्या चिलरच्या नळ्यांत टँकरच्या जड पाण्याचा थर साचलेला, तसंच एलईडी लावून भार उतरला तरी करार मागणी जुनीच ठेवून दर महिन्याला न वापरलेल्या केव्हीएचे पैसे भरणं. यादी लांब आहे, ती माझ्या प्रत्येक सहकाऱ्याकडे आहे.

मग हे होत का नाही? सरकारी इमारतीत बिल भरतं कार्यालय, इमारत सांभाळतो बांधकाम विभागाचा विद्युत उपविभाग. बिलाचं शीर्ष वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. सेन्सर सरकवायचा खर्च एकाच्या खिशातून आणि बचत दुसऱ्याच्या. त्यातून कार्यालयानं खरोखर बचत केलीच, तर पुढच्या वर्षी विजेची तरतूद तेवढी कमी होऊन येते. एका कार्यालयप्रमुखांनी मला मोकळेपणानं सांगितलं की यंदा बिल कमी केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात वाढलं, तर खुलासा मलाच द्यावा लागेल. त्यांचं मला चुकीचं वाटलं नाही. खासगी इमारतीत मालक आणि भाडेकरू असा पेच असतो. चिलर मालक घेणार, तो स्वस्तातला घेणार, आणि त्याचं बिल पुढची पंधरा-वीस वर्षं भाडेकरू भरणार.

आणि आमचा दोषही सांगायला हवा. तपासणीच्या निविदा चौरस फुटाच्या दरावर, सगळ्यात कमी बोलीवर निघतात. त्या दरात माणूस इमारतीत दोन दिवस जाऊ शकतो, रात्री तर नाहीच. मग जुन्या अहवालातली पानं नव्यात येतात. एका अहवालात मी दुसऱ्याच शहरातल्या रुग्णालयाचं नाव खोडायचं राहून गेलेलं पाहिलं आहे. माझ्या व्यवसायातल्या लोकांना हे वाचून वाईट वाटेल. वाटावं. पण ज्या कामाचा मोबदला अहवाल हातात ठेवला की मिळतो आणि पुढे काय झालं याच्याशी ज्याचा संबंध उरत नाही, ते काम असंच होणार.

म्हणून माझी पहिली विनंती निविदेबद्दलच आहे. तपासणीच्या फीचा मोठा हिस्सा, माझं मत विचाराल तर निम्मा, एक वर्षानंतर द्यावा. बारा महिन्यांची मीटरची नोंद आधीच्या बारा महिन्यांशी ताडून पाहावी. ताडताना उन्हाळा किती कडक होता, माणसं वाढली का, नवा मजला सुरू झाला का, याची दुरुस्ती करावी लागते. त्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत, त्या आम्हाला येतात. नुसतं बिलाच्या रकमेवर जाऊ नये, दर बदलतात. असं झालं तर लेखापरीक्षक तोच सेन्सर सरकवून घेईपर्यंत अधीक्षकांचा पिच्छा सोडणार नाही. मीसुद्धा तेव्हा सोडला नसता, आणि सोडला याची खंत मला आहे.

दुसरी विनंती, राज्याच्या मालकीच्या प्रत्येक मोठ्या इमारतीच्या दारात एक आकडा लावावा. गेल्या वर्षी दर चौरस मीटरला किती युनिट लागले, आणि त्याखाली त्याआधीच्या वर्षीचा आकडा. उदाहरणार्थ, 10,000 चौरस मीटरच्या कार्यालयानं वर्षात 15 लाख युनिट घेतले, तर आकडा 150. बस. ब्यूरोची इमारतींसाठीची तारांकन योजना 2009 पासून याच मापावर चालते, पण ती ऐच्छिक आहे, ज्यांना तारे मिळणार तेच पुढे येतात. न्यूयॉर्क शहरानं 2009 साली मोठ्या इमारतींना वार्षिक ऊर्जावापर जाहीर करायला लावला आणि 2020 पासून तिथे इमारतीच्या प्रवेशद्वारावर ऊर्जेची श्रेणी अक्षरात लावावी लागते. त्याच शहरातली 1931 सालची एम्पायर स्टेट बिल्डिंग घ्या. तिची 6,514 खिडक्यांची तावदानं बाहेर न नेता इमारतीतच एका मजल्यावर कारखाना मांडून पुन्हा घडवली गेली, बाकी यंत्रणाही सुधारल्या आणि ऊर्जावापरात 38 टक्के घट हे उद्दिष्ट धरलं गेलं. तिथला पैसा आपल्याकडे नाही, हे खरं. पण दाराला आकडा लावायला पैसा लागत नाही. आमच्या गावात दूध डेअरीच्या फळ्यावर रोज प्रत्येकाच्या दुधाचं फॅट लिहितात आणि त्या फळ्यापुढे कुणी पाणी घालायला धजत नाही.

तिसरी विनंती सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. प्लँट रूममधल्या माणसाला यात घ्या. मोठ्या इमारतींची यंत्रं बहुतेक ठिकाणी कंत्राटी ऑपरेटर चालवतात. कंत्राटदार दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो, माणसं बदलतात, इमारतीचं शहाणपण त्यांच्याबरोबर निघून जातं. लॉगबुकात दर तासाला तापमान आणि दाब लिहायचा असतो. मी अशी लॉगबुकं पाहिली आहेत ज्यांत रात्रभराचे आकडे एकाच शाईनं, एकाच बैठकीत लिहिलेले असतात. ते खोटं लिहितात म्हणून त्यांना धारेवर धरण्यात अर्थ नाही. त्यांनी लिहिलेलं आजवर कुणी वाचलेलंच नाही. आयटीआयमध्ये वातानुकूलन शिकलेल्या मुलांना इमारत चालवण्याचं सहा महिन्यांचं वेगळं शिक्षण द्या, महाऊर्जाचं प्रमाणपत्र द्या, सरकारी इमारतींच्या देखभाल कंत्राटात असा एक प्रमाणित माणूस सक्तीचा करा, आणि बचतीतला लहानसा वाटा त्याच्या पगारात जाऊ द्या. रात्रीची रेघ खाली आणण्याची ताकद त्याच्या हातात आहे. माझ्या नाही, आपल्याही नाही.

उरलेल्या बचतीतला निम्मा भाग त्याच कार्यालयाला इमारतीच्या दुरुस्तीसाठी वापरू द्या. त्यासाठी वित्त विभागाशी आपल्यालाच बोलावं लागेल. अधीक्षकांच्या हातातलं ते काम नव्हे.

त्या खासगी इमारतीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिच्या व्यवस्थापकांनी माझ्या अहवालाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच आठवड्यात टायमर दुरुस्त झाला, आणि पंखे एखाद्या सकाळी लागले नाहीत तर काकांना मेमो मिळणार नाही, असं त्यांनी काकांना लिहून दिलं. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला चिकटवलेला मी पाहिला. सगळे स्विच ऑटोवर होते. महिनाभरानं मी पुन्हा आलेख मागवला. रात्री दोनची रेघ 23 किलोवॅटवर टेकली होती. काकांनी ती मला न विचारता मोबाइलवर दाखवली. ते स्वतःच रोज सकाळी बघत होते.

आपण एखाद्या रात्री एक तास काढावा, अशी विनंती आहे. कुठलीही सरकारी इमारत चालेल, आपण निवडा, आधी कळवू नका. क्लॅम्प मीटर, टॉर्च आणि शिडी मी घेऊन येईन. आणि परतताना त्या तिसऱ्या मजल्यावर थोडं थांबलो, तर सेन्सर खांबावर लावूनच निघू. ड्रिलही आणते.

आपली,
एक ऊर्जा लेखापरीक्षक,
पुणे